मागे राहणाऱ्याचा वाटा

घर सोडून कुठे निघायचे म्हटले की मागे राहणाऱ्याच्या तोंडी आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते : ‘तुम्ही जा, माझी काळजी करू नका.’ लग्नाच्या वऱ्हाडापासून वेलंकणीच्या यात्रेपर्यंत प्रत्येक निघण्यात कोणीतरी मागे राहतेच. कुणाचे वृद्ध वडील अंथरुणाला खिळलेले असतात, कुणाच्या दावणीला दुभती म्हैस असते, कुणाच्या वाडीला पाणी द्यायचा नेमका तोच दिवस असतो. मागे राहणारा ‘जा’ म्हणतो, जाणारा जातो आणि परतताना पवित्र तेलाची बाटली व थोडा खाऊ घेऊन येतो. या व्यवहारात कोणाला काही वावगे वाटत नाही. मलाही जन्मभर वाटले नव्हते. परंतु हा ‘जा’ शब्द जाणाऱ्याला खरोखर मोकळे करतो काय, असा प्रश्न उतारवयात माझ्यापुढे उभा राहिला, आणि तोही घरापासून हजारो मैलांवर, एका डोंगरवाटेवर. तो प्रश्न मी वाचकांपुढे ठेवीत आहे.

२०२३ च्या जुलै महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे, अमेरिकेतील डेन्व्हर शहरी गेलो होतो. आमचा जन्म वसईच्या समुद्रकाठी गेलेला. डेन्व्हर हे शहरच मुळी ५,२८० फूट उंचीवर वसलेले आहे. तेथून मोटारीने दीड-दोन तासांवर ‘रॉकी माउंटन’ राष्ट्रीय उद्यान लागते. १९१५ साली हे उद्यान स्थापन झाले. आता तेथे दरवर्षी चाळीस लाखांहून अधिक माणसे येतात आणि गर्दी आवरण्यासाठी २०२० पासून उन्हाळ्यात ठरावीक वेळेचा प्रवेश-परवाना आधी काढून ठेवावा लागतो. जावईबापूंनी तो खटपटीने मिळवला होता. वेळ मिळाली ती सकाळी उशिराची. या ‘उशिरा’चे महत्त्व पुढे कळेल.

आमची वाट लहानशीच होती. ‘बेअर लेक’ या तळ्यापासून ती निघते, अर्ध्या मैलावर ‘निम्फ’ तळे लागते, पुढे ‘ड्रीम’ आणि शेवटी ‘एमरल्ड’. जाऊन-येऊन जेमतेम साडेतीन मैल, म्हणजे सहा किलोमीटरही नाही, आणि एकंदर चढ साडेसहाशे फुटांच्या आसपास. कडेवर मूल घेऊन चालणारी जोडपी आणि काठी टेकीत चालणारे वृद्ध आम्हांला तेथे दिसत होते. अडचण चढाची नव्हती, हवेची होती. वाटेचा आरंभच ९,४७५ फुटांवर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे सत्तर टक्केच उरतो. श्वास घ्यावा तितका अपुरा पडतो, आणि पायांना नसलेले वय आठवते.

निम्फ तळ्यापर्यंत पत्नी कशीबशी आली. तळे लहान, उथळ आणि शांत. पाण्यावर कमळाच्या जातीच्या वेलीची रुंद पाने पसरलेली आणि त्यांतून पिवळी फुले डोके वर काढीत असलेली. काठावर एक ओंडका आडवा पडला होता. त्यावर बसून तिने गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाली, ‘मला इथेच बरे वाटते. तुम्ही जा.’ मुलगी म्हणाली, ‘मम्मी, मी थांबते तुझ्याबरोबर.’ तिने तिलाही घालवले : ‘बाबू लहान आहे, त्याला सांभाळायला तू हवीस. जा.’ मग माझ्याकडे पाहून पुन्हा, ‘तुम्ही तर जाच. एवढ्या लांब आलात.’ मी एकदाच विचारले, ‘नक्की?’ ती ‘नक्की’ म्हणाली आणि मी निघालो.

निघालो, हे मी लपवीत नाही, तो आनंदाने. पुढची वाट जसजशी वर चढते तसतसा डावीकडे १४,२५९ फुटांचा लाँग्ज पीक उघडा होऊ लागतो. ड्रीम तळे अरुंद आणि लांबट, त्याच्या टोकाशी हॅलेट शिखराचा कडा. तेथून टिंडल नावाच्या ओढ्याच्या सोबतीने दगडी पायऱ्या चढत गेले की वाट संपते आणि एमरल्ड तळे समोर येते. हॅलेट आणि फ्लॅटटॉप या दोन पर्वतांच्या मधल्या खोबणीत, सरळ तुटलेल्या कड्यांखाली, ते हिरवे पाणी साठलेले आहे. पलीकडच्या काठाला जुलैतही बर्फाचा पट्टा शिल्लक होता. हिमयुगात या दरीतून हिमनदी सरकत गेली, तिने खडक खरवडून खोलगट जागा केल्या, बर्फ वितळल्यावर त्या पाण्याने भरल्या. एकाच ओढ्याने एकाखाली एक ओवलेल्या अशा तळ्यांना भूगोलशास्त्रात ‘पॅटरनॉस्टर’ तळी असे नाव आहे. जपमाळेच्या मण्यांसारखी ती दिसतात म्हणून ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेच्या लॅटिन शब्दांवरून ते पडले. शिक्षक म्हणून अनेक वर्षे भूगोल शिकवलेल्या मला ते नाव तेथे उभे असताना आठवले आणि डोळे भरून आले. आपली प्रार्थना डोंगराने आपल्या आधी म्हटली होती असे वाटले. मी त्या खडकावर बसून राहिलो, वेळेचे भान न ठेवता.

भान आणले ते गडगडाटाने. त्या पर्वतांत उन्हाळ्यात दुपार कलली की ढग जमतात आणि विजा पडतात. म्हणूनच जाणते लोक पहाटे निघून दुपारच्या आत खाली येतात. आम्ही उशिरा निघालेलो आणि वर रेंगाळलेलो. पहिला टपोरा थेंब ड्रीम तळ्यापाशी अंगावर पडला आणि मला एकदम आठवण झाली की खाली, झाडांखाली, पाण्याकाठी एक बाई एकटी बसली आहे. ‘एकदम आठवण झाली’ हे शब्द मी जाणूनबुजून लिहितो. तोपर्यंतच्या दोन तासांत ती मला आठवली नव्हती.

निम्फ तळ्याशी पोहोचलो तेव्हा ओंडका रिकामा होता. मुलीने हाका मारल्या. काठापासून बरेच आत, ठेंगण्या झाडांच्या दाटीत, एक तरुण अमेरिकन मुलगी आणि माझी पत्नी उकिडव्या बसल्या होत्या. मुलीचे पावसाळी जाकीट पत्नीच्या अंगावर होते आणि ती स्वतः भिजत होती. विजा चमकत असताना पाण्याकाठी किंवा एकट्या उंच झाडाखाली थांबू नये, हे तिला ठाऊक होते. पत्नीला ते ठाऊक नव्हते, आणि सांगायला आमच्यापैकी कोणी तेथे नव्हते. मुलीने आम्हांला पाहिले, हसली, जाकीट घेतले आणि चार शब्द बोलून बेअर लेकच्या दिशेने उतरून गेली.

मोटारीत पत्नीने हळूहळू सांगितले. ती मुलगी कॅन्ससहून एकटीच गाडी चालवीत आली होती. तिच्या परवान्याचा तो एकच दिवस होता. एमरल्ड तळे पाहायला निघालेली ती, आभाळ भरून आलेले पाहून ओंडक्याजवळ थांबली आणि पुढे गेलीच नाही. मग पत्नीने, कोणताही दोष न देता, केवळ घडले ते सांगावे तशा स्वरात एक वाक्य उच्चारले : ‘मी तिलाही जा म्हटले होते. ती गेली नाही.’

थोड्या वेळाने तिने विचारले, ‘वरचे तळे कसे होते?’ मी म्हणालो, ‘असेच होते. काही विशेष नाही.’

त्या रात्री मला झोप आली नाही. दोन माणसांनी एकाच तोंडून एकच शब्द ऐकला. एकाने त्याचा अर्थ ‘जा’ असा घेतला, दुसरीने ‘थांब’ असा. भाषेची अडचण त्या मुलीला होती, मला नव्हती. पत्नीचे इंग्रजी शाळेपुरते, आणि माझा तिच्याशी पंचेचाळीस वर्षांचा संसार. मग परक्या मुलीला जे ऐकू आले ते मला का आले नाही? उत्तर शोधताना मी मागे मागे जात राहिलो आणि २००० सालाशी येऊन थांबलो. त्या महाज्युबिली वर्षात आमच्या धर्मग्रामातून रोमची यात्रा निघाली होती. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. पत्नी म्हणाली, ‘आईंना मी पाहते. तुम्ही जा.’ मी गेलो. त्याआधी संघटनेच्या शिबिरांना गेलो, शिक्षकांच्या अधिवेशनांना गेलो, तपसाधनेला गेलो. प्रत्येक वेळी उंबरठ्यावर तोच शब्द होता. ऐकून ऐकून माझ्या कानाला त्याची सवय झाली होती. रोज वाजणाऱ्या घंटेकडे जवळ राहणाऱ्यांचे लक्ष जात नाही, वाटसरूचे जाते. त्यागाची सवय झालेले माणूस आपल्या माणसांचे कान, नकळत का होईना, बधिर करीत असते. आणि त्या बधिरपणाचा लाभ घेणारे आपण त्यालाच घरातील सामंजस्य म्हणतो.

येथे मी स्वतःला सोयीस्कर अशी एक बाजू मांडतो, कारण ती खोटी नाही. सर्वांनी सदैव बरोबरच जायचे असा नियम केला तर कोणीच कोठे पोहोचणार नाही. खुद्द प्रभू येशूने डोंगरावर जाताना पेत्र, याकोब आणि योहान या तिघांनाच बरोबर नेले. नऊजण खाली राहिले. प्रभूचे रूपांतर त्यांनी पाहिले नाही. त्यांच्या वाट्याला आला तो एक फेपरे येणारा मुलगा, त्याचा हताश बाप आणि भोवतालची गर्दी. रोमच्या त्या यात्रेत व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहालयात मी राफाएलचे ‘रूपांतर’ हे चित्र पाहिले होते. १५२० साली मृत्यू आला तेव्हा हा चित्रकार याच चित्रावर काम करीत होता. वरच्या अर्ध्या भागात प्रकाशात तरंगणारा प्रभू, खालच्या अर्ध्या भागात अंधार, तो मुलगा आणि हतबल झालेले नऊ शिष्य. त्या वेळी माझी नजर वरच्या भागावरच खिळली होती. खालचा भाग चित्रकाराने का काढला असावा, हा प्रश्न मला पडला नाही. आज वाटते की चित्राचा सारा अर्थ त्या जोडणीत आहे. डोंगरावरचा प्रकाश आणि पायथ्याची वेदना त्याने दोन चौकटींत ठेवली नाही. शुभवर्तमानातही प्रभू वर राहिला नाही. पेत्राला वर मंडप बांधायचे होते. प्रभू खाली उतरला आणि थेट त्या मुलाकडे गेला. म्हणजे वर जाणे हा अपराध नव्हे. खाली कोण आहे याचा विसर पडणे, हा आहे.

बरोबर कोणाला न्यावे हा प्रश्नही आजचा नाही. इटालियन कवी पेत्रार्क १३३६ साली फ्रान्समधील व्हाँतू पर्वतावर चढला. त्या चढाईचे वर्णन करणाऱ्या पत्रात तो सांगतो, की सोबती निवडताना त्याने एकेक मित्र तपासला : कोणी फार संथ, कोणी फार उतावळा, कोणी फार बोलका, कोणी फार उदास. शेवटी त्याने धाकट्या भावाला घेतले. गंमत अशी, की सोपी वाट शोधता शोधता मागे पडत राहिला तो पेत्रार्कच, आणि वर थांबून त्याची वाट पाहत राहिला तो भाऊ. शिखरावर संत ऑगस्टीनचे ‘कबुलीजबाब’ उघडले असता त्याला उमगले, की माणसे पर्वत पाहायला जातात आणि स्वतःकडे पाहायचे विसरतात. ते पान मला फार वर्षांपासून ठाऊक होते. त्या पानाआधी वाट पाहत थांबलेला भाऊ मात्र मला अलीकडे दिसला.

मग मागे राहणाऱ्याचे देणे कसे फेडावे? याचे उत्तर मला बायबलमधील एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या प्रसंगात सापडले. शमुवेलच्या पहिल्या ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात दावीद सहाशे माणसे घेऊन अमालेकी लोकांचा पाठलाग करतो. बसोर ओहळापाशी दोनशे माणसे इतकी थकतात की त्यांना ओहळ ओलांडवत नाही. ती सामानापाशी राहतात. चारशे पुढे जातात, जिंकतात, लूट घेऊन परततात. तेव्हा त्यांच्यातील काही दुष्ट लोक म्हणतात, की मागे राहिलेल्यांना लुटीतले काही देऊ नये, केवळ त्यांची बायकापोरे परत द्यावीत. दावीद ते मानत नाही. लढायला गेलेल्याचा आणि सामानापाशी राहिलेल्याचा वाटा सारखाच राहील, असा निवाडा तो देतो आणि पुढे तो इस्राएलचा नियमच होऊन बसतो.

या निवाड्यात दया नाही, न्याय आहे. सामानापाशी कोणीतरी राहिले म्हणूनच चारशेजण हलके होऊन धावू शकले. माझी आई कोणाच्या तरी हाती सुरक्षित होती म्हणूनच मी संत पेत्राच्या चौकात निश्चिंतपणे उभा राहू शकलो. तेथे मला मिळालेले पुण्य, आनंद, जे काही असेल ते, एकट्याचे नव्हतेच. आणि त्या दृष्टीने पाहता मोटारीत मी बोललेले वाक्य, ‘असेच होते, काही विशेष नाही’, हे दयेपोटी बोललेले निरुपद्रवी असत्य ठरत नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून मी तसे बोललो, असे मी स्वतःला समजावले होते. वस्तुतः तिच्या हक्काचा वाटा मी दाबून ठेवला होता. दावीदाच्या माणसांनी निदान उघडपणे ‘देणार नाही’ असे म्हटले. मी तर लूट झालीच नाही असे सांगितले.

चार दिवसांनी आम्ही दोघे पुन्हा त्याच उद्यानात गेलो. या वेळी गेलो ते ‘स्प्रेग’ तळ्यावर. त्याच्या भोवतीची वाट सपाट, पाऊण मैलाच्या आसपास आणि चाकांच्या खुर्चीवरूनही फिरता येईल अशी आहे. पत्नी सावकाश चालली, तीन बाकांवर बसली आणि फेरी पूर्ण केली. पूर्वेच्या काठावरून समोर पर्वतांची रांग दिसते, तीत हॅलेट आणि फ्लॅटटॉप शेजारी शेजारी उभे आहेत. मी बोट दाखवून म्हणालो, ‘त्या दोघांच्या मधल्या खोबणीत ते तळे आहे. त्या दिवशी मी तुला खोटे सांगितले.’ मग पाण्याचा रंग, बर्फाचा पट्टा, कड्यावरून येणारा वारा, जपमाळेवरून पडलेले तळ्यांचे नाव, माझे भरून आलेले डोळे, सारे सांगितले. ती ऐकत राहिली. जपमाळेचे नाव ऐकून म्हणाली, ‘मीही खाली तेच म्हणत होते.’

मी क्षमा मागू लागलो तेव्हा मात्र तिने मला थांबवले. ‘मला बिचारी करू नका,’ ती म्हणाली. ‘पहिला तास मी खरेच सुखात होते. घरी मला एक तास कोण असे बसू देते? जा म्हटले ते मनापासून म्हटले होते. पण आभाळ काळे झाले तेव्हा तो शब्द संपला होता. तो संपला हे तुम्हांला वर कळायला हवे होते.’

या उत्तरात माझ्या प्रश्नाची उकल आहे असे मला वाटते. मागे राहणाऱ्याला दुबळा समजून त्याच्या ‘जा’ला खोटे ठरवणे हाही त्याचा अपमानच. तो शब्द खरा असू शकतो, आनंदाचा असू शकतो. परंतु तो कायमचा परवाना नसतो. त्या उद्यानाच्या परवान्याप्रमाणे त्याला वेळ असते. आभाळ पालटले की तो संपतो, आणि आभाळावर नजर ठेवण्याचे काम जाणाऱ्याचे असते. आणखी एक गोष्ट. दावीदाचा नियम वाट्यापुरता आहे. प्रत्येक मोहिमेत सामानापाशी तेच दोनशे राहावेत असे त्यात कोठेही सांगितलेले नाही. आपल्या घरांत मात्र मागे राहणारे माणूस बहुधा ठरून गेलेले असते, आणि बहुधा ते स्त्रीच असते. वाटा सारखा दिला तरी पाळी कधी बदललीच नाही, तर त्या वाट्याला न्याय म्हणणे कठीण आहे.

पुढल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाची वेलंकणीची यात्रा निघाली. माझे थोरले बंधू तेव्हा आजारी होते आणि आमच्याकडेच होते. पत्नी सवयीने म्हणाली, ‘तुम्ही जा.’ मी म्हटले, ‘तू जा.’ ती पुन्हा ‘नको, तुम्हीच’ म्हणाली. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा ती काही बोलली नाही, कपाटातून पिशवी काढली. पुढचे आठ दिवस मी बंधूंसाठी पेज शिजवली, औषधांच्या वेळा सांभाळल्या, संध्याकाळी एकट्यानेच जपमाळ केली. मागे राहणाऱ्याचा दिवस किती लांब असतो हे तेव्हा समजले. त्यात वाईट असे काही नव्हते. पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून फाटकाचा आवाज झाला की मी बाहेर डोकावू लागलो.

ती आली, पाय धुतले आणि ओट्यावर बसून सांगू लागली. समुद्राकाठचे मंदिर, गुडघ्यांवर चालत येणाऱ्या बाया, तमिळ मिस्सा, गाडीतले आंबलेले जेवण, हरवलेली आणि सापडलेली चप्पल. दोन संध्याकाळी तिला पुरल्या. बंधूही खाटेवरून ऐकत होते. तिने काही वगळले असेल असे मला वाटत नाही.